वीस चौकटींची शाई

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात डॉक्टरांचे अनुभव येतात, इंजिनिअरांचे येतात, एकदा एका इन्शुरन्सवाल्यांचेही आले होते. माझी पाळी इतकी वर्षं आली नाही, कारण मी नोकरीत नेमकं काय करायचो हे आपल्या लोकांना कधी उमगलंच नाही. ‘दिनकरकाका केमिकलमध्ये होते’ एवढ्यावर भागायचं. कुणी खोदून विचारलंच तर मी सांगायचो, ‘सिनेमे धुतो.’ समोरचा माणूस विनोद समजून हसायचा आणि बटाटेवड्यांच्या टेबलाकडे वळायचा.

विनोद नव्हता तो. शिकागोतल्या एका फिल्म लॅबमध्ये मी बावीस वर्षं सिनेमे धुतले, वाळवले, फाटले तिथे जोडले आणि त्यांच्या नव्या प्रती काढल्या. नागपुरात रसायनशास्त्र शिकलेला माणूस अमेरिकेत येऊन रंग, साबण किंवा खतं बनवतो. मला पहिली जाहिरात दिसली ती लॅबची, म्हणून मी तिथे गेलो आणि तिथलाच झालो. सकाळी नेपरव्हिलहून गाडीने शहरात जायचं, संध्याकाळी परत यायचं. जुन्या फिल्मना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो आणि तो कपड्यांना चिकटतो. माझी बायको शुभा म्हणायची, ‘लोकांचे नवरे ऑफिसातून येतात, माझा लोणच्याच्या बरणीतून येतो.’

लॅबचं पोट जाहिरातींवर आणि कारखान्यांच्या ट्रेनिंग फिल्मवर भरायचं. माझं टेबल मात्र मागच्या खोलीत, जुन्या फिल्मपाशी. जुन्या जमान्यातली फिल्म नायट्रेटची असते. नायट्रेट म्हणजे सुरुंगाच्या दारूची सख्खी बहीण. आधी ती चिकट होते, मग तिची तपकिरी पूड होते, आणि मनात आलं तर ती पेट घेते. एकदा एका डब्यातून धूर यायला लागला. आमचा बॉस वॉल्टर यानं तो डबा चिमट्यात धरून मागच्या अंगणात बर्फात भिरकावला. नायट्रेट जळताना स्वतःचा प्राणवायू स्वतःच तयार करतं, त्यामुळे ते बर्फाखालीही जळत राहिलं. आम्ही दोघं कोट न घालता थंडीत उभे राहून बघत होतो. ‘डिन,’ वॉल्टर म्हणाला, ‘कुठल्यातरी हिरॉइनचं हे शेवटचं दर्शन.’ आणि त्यानं टोपी काढली.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. एक बाई घरच्या फिल्मचे डबे घेऊन आल्या. वीस वर्षांच्या सगळ्या पिकनिकांतून त्यांना आपली धाकटी जाऊ कापून हवी होती. आम्ही कापली. दोन वर्षांनी बाई परत आल्या, जाऊ वारली होती, आणि त्यांनी हळूच विचारलं की ते तुकडे राहिलेत का. वॉल्टर फिल्मचा नखाएवढा तुकडाही फेकत नसे. जाऊबाईंना पुन्हा प्रत्येक पिकनिकला नेऊन बसवायला मला तीन आठवडे लागले. त्या दिवसापासून मी नव्या माणसांना शिकवायला लागलो की फिल्मला हात लावण्याआधी थांबा, ती कुणाची आहे याचा विचार करा. शिकवायला मी फार हुशार होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातली गत माझी कशी झाली तेच आता सांगायचं आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. एका फिल्म संग्रहालयानं आमच्याकडे नऊ डबे पाठवले. बोलपट नुकते आले होते त्या काळातला एक थरारपट, त्याची जगातली ठाऊक असलेली एकच प्रत. चित्रपटाचं नाव सांगत नाही. आम्ही त्याला ‘डॉक्टर’ म्हणायचो, कारण त्यातला खलनायक पूर्वेकडचा एक डॉक्टर होता. पूर्वेकडचा म्हणजे नेमका कुठला, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसावं. त्याच्या दिवाणखान्यात चिनी ड्रॅगन होता, तुर्की हुक्का होता, इजिप्तची ममी होती आणि कोपऱ्यात पितळेची समई होती. सेल लागला तेव्हा सगळा आशिया एकदम उचलून आणल्यासारखं ते घर दिसायचं. डॉक्टरचं काम करणारा नट गोरापान, पापण्या चिकटवून डोळे बारीक केलेले, मिशा हनुवटीखाली लोंबणाऱ्या, नखं लांब. त्याला जग जिंकायचं होतं, आणि त्यासाठी एका सोनेरी केसांच्या मुलीचं रक्त पाहिजे होतं. जग जिंकायला रक्त कशाला लागतं, हे नऊही डब्यांत कुणी विचारत नाही.

डॉक्टरचा नोकर मात्र रंगवलेला नव्हता. सावळा, काटक, उघडा माणूस, डोक्यावर भलंमोठं पागोटं आणि हातात सुरा. मुलीला खांबाला बांधलेलं असतं, आणि हा सुरा उगारून ‘प्राचीन शाप’ उच्चारतो.

वॉल्टर माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला, ‘तुझा देशवाला दिसतोय.’

‘माझा नाही,’ मी म्हणालो.

मला राग आला होता. वॉल्टरचा नाही, तो मनानं चांगला माणूस. त्याच महिन्यात स्कूल बसमध्ये एका पोरानं माझ्या मुलीला विचारलं होतं की तुझे वडील घरी पागोटं घालून साप नाचवतात का. ती घरी येऊन रडली नाही, पण तिनं डब्यात पोळीभाजी न्यायचं बंद केलं. तो प्रश्न त्या पोराच्या डोक्यात कुठून आला, ते माझ्या टेबलावर नऊ डब्यांत भरून ठेवलं होतं. डॉक्टरचा मला राग येत नव्हता, तो तर रंग लावलेला माणूस. मला राग आला तो त्या पागोटेवाल्याचा. पोटासाठी अब्रू विकली लेकाच्यानं, असं मी मनात म्हणालो. आज ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते.

इथे थोडं धंद्याचं सांगायला हवं. बोलपटाच्या फिल्मच्या कडेला एक बारीक नागमोडी पट्टी असते. ती म्हणजे आवाज. माणूस ओरडला की पट्टी फुगते, गप्प झाला की बारीक होते. प्रोजेक्टरमध्ये चित्र दाखवायची खिडकी वर असते आणि आवाज वाचणारा दिवा जरा खाली. त्यामुळे कुठल्याही चित्राचा आवाज त्याच्या शेजारी छापलेला नसतो, तो वीस चौकटी आधी असतो. वेळात मोजलं तर जेमतेम पाऊण सेकंद. पण यामुळे एक गंमत होते. मधलीच फिल्म कापून टाकली, तर कापलेल्या चित्राच्या आवाजाचा पहिला पाऊण सेकंद आधीच्या तुकड्यावर शिल्लक राहतो. चित्र गेलं, आवाज राहिला. पडद्यावर तो चुकीच्या ठिकाणी वाजतो, आणि जोडावरून जाताना स्पीकर फाट्‌कन फुटल्यासारखा आवाज करतो.

त्यावर आमच्याकडे सरळ उपाय होता. जोडावरच्या त्या पट्टीवर काळी शाई फिरवायची. काळ्या पट्टीतून उजेड जात नाही, म्हणजे आवाज गप्प. जाहिरातींच्या प्रतींवर मी दिवसाला पन्नास जोड असे काळे करायचो. शाईसुद्धा मी स्वतः बनवलेली, बाजारातल्यापेक्षा पक्की. वॉल्टर म्हणायचा, ‘प्रलय आला तरी डिनची शाई निघणार नाही.’ हे मी शुभाला दोनदा तरी सांगितलं असेल.

त्या काळी इथल्या राज्या-राज्यांत सेन्सॉर असत आणि ते सरळ प्रतीलाच कात्री लावत. शापाच्या प्रसंगात, सुरा मुलीच्या गळ्याजवळ येतो तिथे, कुणीतरी काही फूट फिल्म कापून टाकली होती. जोड माझ्या समोर होता. जोडाच्या आधी वीस चौकटी अनाथ आवाज, चित्र नसलेला. जुन्या मूळ प्रतीवर शाई लावायची नसते. आधी आहे तशी नक्कल काढायची, मग जी काय सफाई करायची ती नकलेवर. हा नियम मीच भिंतीवर टाइप करून लावला होता. पण असल्या सिनेमाचं कसलं सोवळं, असं म्हणून मी कुंचला उचलला आणि वीसच्या वीस चौकटी काळ्या केल्या. ऐकल्यासुद्धा नाहीत. रजिस्टरात नोंद केली आणि कॉफी प्यायला गेलो.

दोन दिवसांनी आवाज तपासायला रीळ लावलं. हेडफोन माझ्या कानात, वॉल्टर मशीनपाशी. पागोटेवाल्यानं सुरा उगारला, डोळे वटारले आणि खर्जातल्या आवाजात शाप द्यायला सुरुवात केली. मी खुर्चीत सरळ बसलो. मशीन थांबवून ते मागे घेतलं आणि परत ऐकलं.

‘बिघडलंय का?’ वॉल्टरनं विचारलं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘मला हे अर्धं समजतंय.’

त्या दिवशी मी त्या भागाची कॅसेट करून घरी नेली. शुभा वेंगुर्ल्याची. तिची मालवणी ती फक्त बहिणीशी फोनवर बोलायची. आमच्या नागपूरकडच्या मंडळींनी, आणि खरं सांगायचं तर मीच, लग्नानंतर तिच्या बोलण्याची इतकी थट्टा केली होती की तिनं ती भाषा आत ठेवून दिली होती. कॅसेट लावली तेव्हा ती वांगी चिरत होती. पहिल्या वाक्याला तिचा हात थांबला. दुसऱ्या वाक्याला सुरी खाली ठेवून ती हसायला लागली, आणि हसता हसता खुर्चीवर बसली.

‘अहो, हा शाप नाहीये. हा माणूस कम्प्लेंट करतोय.’

मग तिनं एकेक वाक्य त्याच्याबरोबर म्हणून दाखवलं. ‘बारा वाजान गेले. पोटात अन्नाचो कण नाय. ह्यो तोंड रंगवलेलो सायब सकाळपासना बोंबालता. माका घराक जांवचा आसा.’ बारा वाजून गेले, पोटात अन्नाचा कण नाही, हा तोंड रंगवलेला साहेब सकाळपासून बोंबलतोय, मला घरी जायचंय. दिग्दर्शकानं सांगितलं असणार, तुझ्या भाषेत काहीतरी भयंकर बोल. त्याच्या दृष्टीनं यापेक्षा भयंकर काय असणार? सगळी अमेरिका त्या वाक्यांना घाबरून खुर्चीला धरून बसली होती, आणि तो बिचारा जेवण मागत होता.

मीही खूप हसलो. अब्रू विकणारा म्हणून ज्याला शिवी दिली, त्यानं त्या रंगवलेल्या साहेबाची त्याच्याच सिनेमात उघड उघड खिल्ली उडवली होती, आणि इतक्या वर्षांत कुणाला पत्ता लागला नव्हता. मला त्याचा अभिमान वाटायला लागला.

शुभा मात्र हसायची थांबली होती. ‘परत लावा. शेवटचं.’

शेवटचं वाक्य असं होतं: ‘घराक माझा चेडू…’ मग शांतता, मग ‘…वाट बघता.’ घरी माझी मुलगी वाट बघतेय.

‘आमच्याकडचे किती जण बोटीवर खलाशी म्हणून गेले,’ ती म्हणाली. ‘काही परत आलेच नाहीत. त्यातलाच असणार हा.’ मग तिनं विचारलं, ‘चेडू म्हटल्यावर पुढे काहीतरी यायला हवं. नाव घेतलं असेल त्यानं. मध्ये काय आहे?’

‘जोड आहे,’ मी म्हणालो. ‘सेन्सॉरनं कापलंय.’

ते खोटं नव्हतं. पण जेवताना मला घास गोड लागला नाही.

आठवडाभरानं संग्रहालयाकडून एका पत्राची झेरॉक्स आली. हा चित्रपट वाचवला जातोय अशी छोटी बातमी कुठेतरी छापून आली होती, ती वाचून शिकागोजवळच्या जोलिएटहून एका बाईंनी ते पत्र लिहिलं होतं. नाव एलेनॉर, वय पंचावन्नच्या आसपास, शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायच्या. त्यांनी लिहिलं होतं की चित्रपटातला पागोटेवाला माझा बाप. कागदोपत्री नाव सॅम, देश हिंदुस्थान, याहून जास्त कुणाला माहीत नाही. आई मेक्सिकन, कॅलिफोर्नियात संत्री तोडायला जायची, तिथेच दोघांची गाठ पडली. मी चार वर्षांची असताना बाप ट्रकखाली सापडून गेला. त्याचा एकच फोटो आहे आणि त्यात त्यानं सुरा उगारला आहे. लहानपणी मुलं विचारायची, तुझा बाप खुनी होता का.

शेवटचा परिच्छेद मला अजून जवळजवळ पाठ आहे. ‘आई म्हणायची, एलेनॉर हे नाव तिनं ठेवलं. बाबा मला वेगळ्याच नावानं हाक मारायचे. आईला ते उच्चारता यायचं नाही, पुढे ती विसरली, आणि आता ती नाही. मला ठाऊक आहे की सिनेमात माझं नाव असणार नाही. पण त्यांचा आवाज आहे, असं कळतं. मला तो एकदा ऐकायला मिळेल का?’

आपल्याकडे पाळण्यातलं नाव वेगळं, हाकेचं वेगळं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. या बाईंचं हाकेचं नाव अख्ख्या जगात एकाच ठिकाणी उरलेलं असू शकत होतं. त्या जागेवर मी माझी पक्की शाई फासली होती. रजिस्टरात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: रीळ सात, जोड, वीस चौकटी काळ्या.

मी पत्र आणि रजिस्टर वॉल्टरसमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यानं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाला, ‘बघ, तो तुकडा तसाही निकामीच होता. तू सांगितलं नाहीस तर कुणाला कळणार नाही.’

‘त्या बाईंना नाव कळणार नाही,’ मी म्हणालो. ‘आणि मी काय केलं ते मला माहीत आहे, तेवढं पुरे.’

संग्रहालयाला फोन मीच केला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, ‘काळं तुम्ही केलंत, काढायचं तुम्हीच बघा. पण नायट्रेटवरचा चित्र-आवाजाचा थर उचलला गेला तर उरलेला आवाजही जाईल, आणि पुन्हा आमचं काम तुमच्या लॅबकडे येणार नाही.’ वॉल्टर दुसऱ्या फोनवर ऐकत होता. त्यानं माझ्याकडे बघून खांदे उडवले. म्हणजे परवानगी.

आता मला भीती वाटत होती असं लिहायला हवं, पण तसं नव्हतं. लाज वाटत होती, भीती नाही. शाई मी बनवली होती. तिच्यात काय काय आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि जे मी एकत्र केलं ते मी सुटं करू शकतो असा माझा हिशेब होता. रिळाच्या शेवटी जी कोरी फिल्म असते तिचे तुकडे घेतले, त्यांच्यावर शाई फासली आणि निरनिराळी द्रावणं करून बघितली. पहिल्यानं शाई आणि थर दोन्ही नेले. दुसऱ्यानं काहीच नेलं नाही. सहाव्यानं शाई हळूहळू सोडली आणि थर जागेवर ठेवला, पण एका अटीवर: कापूस एकदाच फिरवायचा. दुसऱ्यांदा फिरवला की थर साय निघावी तसा निघायचा.

भिंगाखाली एकेक चौकट घेतली. सकाळी दोन, दुपारी दोन, त्यापेक्षा जास्त नाही, कारण मग नजर शिणते. वॉल्टरनं त्या खोलीत कुणाला येऊ दिलं नाही, रेडिओही बंद केला. काळ्या डागाखालून नागमोडी रेष वर यायला लागली की मी कापूस लगेच उचलायचो. पाचव्या दिवशी दुपारी वीस चौकटी झाल्या. सतरा स्वच्छ निघाल्या. तीन मी घालवल्या. जिथे फिल्म आधीच चिकट झाली होती तिथे थर कापसाला चिकटून आला. त्या तीन चौकटींचा दोष सेन्सॉरचा नाही, काळाचा नाही, माझा आहे. कामाबद्दल मी बऱ्याच बढाया मारतो, तेव्हा हेही लिहून ठेवतो.

मग नक्कल काढली, आणि शुभाला घेऊन लॅबमध्ये आलो. तळणीत पाणी पडल्यासारख्या चरचरीत तो आवाज आला. ‘घराक माझा चेडू, सगु…’ पुढे तुटलं.

‘सगु,’ शुभा म्हणाली. ‘सगुणा असेल. पुढचं सेन्सॉरकडे राहिलं.’

एलेनॉरबाई शनिवारी सकाळी आल्या. इस्त्रीचा निळा कोट, पायांत बर्फाचे बूट, हातात घरी केलेल्या केकचा डबा. ठेंगण्या, सावळ्या, आणि हनुवटी थेट पडद्यावरच्या माणसाची. त्यांनी मुलांना आणलं नव्हतं. ‘हसतील म्हणून सांगितलंच नाही,’ म्हणाल्या.

मी त्यांना आधी सगळं सांगितलं. शाई मी लावली, का लावली, तेव्हा मनात काय म्हणालो, तेही. शुभानं कोपरानं ढोसलं, पण मी थांबलो नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

‘मलाही त्यांची लाज वाटायची,’ त्या म्हणाल्या. ‘तो फोटो मी लग्नापर्यंत पलंगाखाली ठेवला होता. तुम्ही निदान शाई पुसलीत.’

वॉल्टरनं दिवे घालवले. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शुभा. पागोटेवाला आला आणि सुरा उगारून बोलायला लागला. शुभा त्यांच्या कानाशी इंग्रजीत सांगत होती. ‘ही इज हंग्री,’ ती म्हणाली, आणि एलेनॉरबाईंनी तोंडावर हात ठेवला. रंगवलेल्या साहेबाचं वाक्य आलं तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या, आणि हसतानाच डोळे पुसायला लागल्या. मग घराचं आलं, मुलगी आली, आणि त्या चरचरीत ते दोन अक्षरांचं नाव.

रीळ थांबलं. ‘एवढंच आहे,’ मी म्हणालो. ‘सगु. बहुधा सगुणा. पुढचं मी सांगू शकत नाही, आणि अंदाजानं जोडून देणं बरोबर नाही.’

‘सगुणा,’ त्यांनी म्हणून बघितलं आणि मान हलवली. ‘नाही.’ परत एकदा, हळू, ‘सगु.’ डोळे मिटले. त्यांचे ओठ काहीतरी चाचपडत होते. मग एकदम, इंग्रजीच्या कसल्याही वळणाशिवाय, शेवटचा सूर लांबवत त्या म्हणाल्या, ‘सगुबाय.’

शुभानं माझा हात घट्ट धरला. बाय हा शब्द आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर काढला नव्हता. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर बाप लेकीला तशीच हाक मारतो, शेवटचा सूर असाच लांबवून, आणि तो जोलिएटच्या शाळेच्या कँटीनमध्ये पन्नास वर्षं त्या बाईंच्या कानात पडून होता. सेन्सॉरनं कापलेलं त्यांच्याकडे होतं.

‘बरोबर आहे का?’ त्यांनी विचारलं.

‘अगदी बरोबर,’ शुभा म्हणाली. ‘माझे बाबा मला शुभाबाय म्हणायचे.’

असले सिनेमे जपायचे कशाला, जाळून टाका, असं पुढे मला पुष्कळांनी सांगितलं, आपल्यातल्या शिकलेल्यांनीही. राग मला कळतो, तो माझाही होता. मी त्यांना म्हणतो, डॉक्टरला हवं तेवढं बोला, पण मागे उभ्या असलेल्या माणसाचं आधी ऐकून घ्या. मी ऐकून घेतलं नव्हतं.

त्या शनिवारी वॉल्टरनं काचेपलीकडून विचारलं, दिवे लावू का? एलेनॉरबाईंनी नको म्हणून हात केला आणि शुभाकडे वळल्या.

‘वडिलांनी अशी हाक मारली की मुलगी काय म्हणते?’

‘काही नाही,’ शुभा म्हणाली. ‘ओ म्हणते.’

त्यांनी परत लावायला सांगितलं. चरचर सुरू झाली. भूक आली, रंगवलेला साहेब आला, घर आलं. पडद्यावर त्यांचे वडील सुरा उगारून, डोळे वटारून उभे होते. सगु, ते म्हणाले. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतून, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेल्या त्या पंचावन्न वर्षांच्या बाई म्हणाल्या, ‘ओ.’